कार्ल्याच्या खांबावरचा भाणक

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात एक लोखंडी कपाट आहे. त्यात प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शासनाने काढलेले खंड आहेत, धर्मानंद कोसंबींची पुस्तके आहेत, भदन्त आनंद कौसल्यायन यांची आहेत. कपाटाला कुलूप आहे, किल्ली खजिनदारांकडे असते आणि शेजारी खिळ्याला दोरीने बांधलेली देवघेवीची वही आहे. मंडळाचा वार्षिक हिशेब लिहिण्याचे काम आमच्याकडे असते. हिशेब लिहिता लिहिता सहज ती वही उघडली. वर्षभरात अकरा पुस्तके बाहेर गेली होती आणि त्यांतली सात एकाच नावावर होती. त्याच वर्षी जयंतीच्या मंडपाला, रोषणाईला आणि लाऊडस्पीकरला लागलेला आकडा आम्ही त्याच हाताने वहीत लिहिला होता. तो आकडा येथे देत नाही. ज्याने त्याने आपापल्या वस्तीची वही उघडून पाहावी.

ते सात वेळा आलेले नाव वस्तीतल्याच एका मुलीचे. वडील कारखान्यात, आई चार घरची कामे करते. मुलगी पाली विषय घेऊन एम.ए. करते. दोन वर्षांपूर्वी पौर्णिमेच्या वंदनेनंतर ती उभी राहिली आणि नम्रपणे म्हणाली, "आपण एका गाथेत एक शब्द चुकीचा म्हणतो, त्याने अर्थ फिरतो. आणि प्रत्येक गाथेनंतर मराठीत अर्थ सांगितला तर लहान मुलांना कळेल." त्यावर एक ज्येष्ठ कार्यकर्ते ताडकन म्हणाले, "चार बुकं शिकलीस म्हणून आम्हांला शिकवतेस होय? आम्ही ही गाथा तुझा बाप रांगत होता तेव्हापासून म्हणतोय." सभा हसली. मुलगी खाली बसली. त्यानंतर ती पुस्तके न्यायला येई, वंदनेला येत नसे.

आम्ही त्या सभेत होतो आणि गप्प बसलो होतो. हे कबूल केल्याशिवाय पुढचे प्रवासवर्णन लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही.

२५ डिसेंबरची धम्मसहल ठरली तेव्हा तरुण पोरांचा आग्रह वॉटरपार्कचा होता. बायकांनी विचारले, पाण्यात खेळायचे तर पोरांनाच नेऊ, आम्ही कशाला? शेवटी कार्ले, भाजे आणि संध्याकाळी देहूरोड असे ठरले. २५ डिसेंबर हा महत्त्वाचा दिवस. १९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि १९५४ साली याच तारखेला देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो आणि म्हणालो, "ताई, तू चल. लेण्यांतली अक्षरे वाचून दाखव." ती म्हणाली, "काका, तिथेही कुणी हसलं तर?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तिच्या आईने मात्र परस्पर ठरवून टाकले, "येईल ती. मी पण येते."

पहाटे कल्याणहून गाडी पकडली. लहानथोर मिळून चाळीसेक माणसे, भाकऱ्यांची गाठोडी, ठेच्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि एका आजींची काठी. कर्जत सोडून गाडी घाट चढू लागली तशी पोरे बोगदे मोजू लागली. लोणावळ्याला उतरून टमटम आणि एसटी असे जमेल तसे कार्ल्याच्या पायथ्याशी पोहोचलो.

वर जायला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना नारळ, हार, चुरमुरे, खेळणी यांची दुकाने. चैत्यगृहाच्या अगदी दाराशी एकवीरेचे देऊळ आहे आणि कोळी-आगरी भाविकांची तिथे मोठी गर्दी असते. आमच्यातला एक तरुण ते पाहून तापला. त्याला आम्ही एवढेच सांगितले, "बाबा रे, ही माणसेही आपल्यासारखीच कष्टकरी आहेत. भांडायला आलो नाही, पाहायला आलो आहोत. आपलीच ओळख आपल्याला नीट नसेल तर दुसऱ्याशी भांडून काय मिळणार?" देवळाला वळसा घालून, तिकिटे काढून आत शिरलो.

आत शिरल्यावर पोरांचा गलबला आपोआप थांबला. भारतातले हे सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद, आणि उंचीही जवळपास तेवढीच. दोन्ही बाजूंना प्रत्येकी पंधरा खांब, वर हत्तींवर बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या, स्तूपामागे सात साधे खांब, एकूण सदतीस. छताला सागवानी लाकडाच्या कमानी आहेत. त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत असे सांगितले तर कुणाला खरे वाटेना. स्तूपावर लाकडाचेच छत्र आहे, तेही जुनेच. आम्ही सर्वांनी स्तूपासमोर बसून त्रिशरण-पंचशील घेतले. त्या दगडी घुमटात चाळीस गळ्यांचा आवाज असा भरून राहिला की काठीवाल्या आजींनी डोळे पुसले.

मग मुलगी उभी राहिली. हातात शिलालेखांच्या पुस्तकाची झेरॉक्स. तिने सुरुवात केली ती महासांघिक संप्रदायापासून. शके, सातवाहन, ब्राह्मीची वळणे, प्राकृतातले विभक्तिप्रत्यय. सगळे बरोबर होते, पण पाच मिनिटांत पोरे खांबांमागे लपाछपी खेळू लागली आणि बायका दबक्या आवाजात डब्यांचे बोलू लागल्या. मुलीचा आवाज बारीक होत गेला. आम्हांला धस्स झाले. दोन वर्षांपूर्वीचेच पुन्हा घडते की काय!

तेवढ्यात आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाय, ते ऱ्हाऊ दे. हे लेणं पांडवांनी एका रात्रीत केलं म्हनत्यात, ते खरं का खोटं तेवढं सांग."

मुलगी थांबली. तिने झेरॉक्सची घडी केली, आजींचा हात धरला आणि त्यांना दाराशी घेऊन गेली. तिथल्या भिंतीवरच्या अक्षरांवर बोट न टेकवता ती म्हणाली, "आजी, हे बघा. इथे लिहिलंय हे दार कुणी केलं ते. धेनुकाकट गावचा सामी, वेणुवासाचा मुलगा. आणि त्याचा धंदा लिहिलाय : वढकि. वढकि म्हणजे सुतार."

आजी म्हणाल्या, "सुतार?"

"हो, सुतार. इथेच एका लेखात गंधिक आहे, म्हणजे अत्तर-सुगंध विकणारा. त्याचं नाव सिंहदत्त. त्यानेही दाराचं दान केलं. खांब दिले ते धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे बाहेरून येऊन इथे राहिलेल्या लोकांनी. बाहेरचा सिंहस्तंभ दिला एका महारठीने. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या सेठीने काम पुरं केलं आणि जंबुद्वीपात याच्यापेक्षा चांगलं लेणं नाही असं लिहून ठेवलं. बायकांची नावं आहेत, भिक्षुणींची आहेत. पांडवांचं नाव एकाही लेखात नाही."

आजींचे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपात सुतार होते. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. आजी दाराच्या चौकटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग जे बोलल्या ते आमच्या मनाला लागून राहिले आहे. त्या म्हणाल्या, "एवढी वर्सं आमाला पांडवच सांगितले. सुताराचं नाव हितं लिवलेलं व्हतं तर शिकलेल्यांनी आमाला आदी का नाय सांगितलं?"

कुणीही उत्तर दिले नाही. मुलीच्या भोवती मात्र आता चाळीसही माणसे गोळा झाली होती, लपाछपीवाली पोरेसुद्धा.

उत्तर नंतर तिनेच दिले, एका खांबाजवळ उभे राहून. या खांबाचे दान सोपारकच्या सातिमित नावाच्या एका भिक्षूने केले. सोपारक म्हणजे आपले नालासोपारा, जिथला स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला. सातिमिताने अस्थिधातूंसह हा खांब दिला आणि त्याच्या नावापुढे त्याचे काम लिहिले आहे : भाणक.

"भाणक म्हणजे म्हणणारा," मुलगी म्हणाली. "त्या काळी त्रिपिटक कागदावर नव्हतं, माणसांच्या तोंडात होतं. सिंहलद्वीपात ते पहिल्यांदा ताडपत्रावर लिहिलं गेलं, तोवर भगवंतांना जाऊन कितीतरी शतकं झाली होती. मधल्या काळात ते कुणी सांभाळलं? भाणकांनी. कुणी दीघनिकाय पाठ करायचा, कुणी मज्झिमनिकाय. एकाने चुकीचा शब्द म्हटला तर दुसरा सुधारायचा. आणि ते पाठ करून खोलीत बसायचे नाहीत, लोकांसमोर म्हणायचे. म्हणून त्यांना ज्ञानी असं नाव नाही दिलं, भाणक दिलं."

"एकाने चुकीचा शब्द म्हटला तर दुसरा सुधारायचा" हे वाक्य तिने कुणाकडे पाहून म्हटले नाही. परंतु ज्यांना ऐकू जायचे त्यांना गेले. ते ज्येष्ठ कार्यकर्ते आमच्या शेजारीच उभे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

खाली उतरून झाडाच्या सावलीत भाकऱ्या सोडल्या. ठेचा, कांदा, सुकी भाजी, कुणी आणलेले बोंबलाचे कालवण. जेवता जेवता वाद निघाला, आणि तो निघायलाच हवा होता. गिरणीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "लेख वाचणे ठीक आहे. पण धम्म वाढला तो पुस्तकांनी नाही. १९५६ला नागपूरला लाखो माणसे गेली ती काय पाली शिकून गेली? बाबासाहेबांनी हाक दिली, आम्ही गेलो. पंडितांनी आपल्याला काय दिले?"

प्रश्न खोटा नाही. दीक्षाभूमीवर जमलेल्या माणसांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी धम्म घेतला तो माणूस म्हणून उभे राहण्यासाठी. परंतु आम्ही काकांना उलट विचारले, "ती हाक देणाऱ्याच्या हाती बुद्ध कुणी दिला?" १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा परळच्या चाळीतल्या लोकांनी सत्कार केला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक १८९८ साली प्रसिद्ध झाले होते. म्हणजे एका शिक्षकाने दिव्याखाली बसून केलेले काम नऊ वर्षांनी एका मुलाच्या हाती पडले आणि पुढे एकोणपन्नास वर्षांनी त्याचे दीक्षाभूमीवर काय झाले ते जगाने पाहिले. नुसत्या पुस्तकाने ते झाले नाही, हे खरेच. चवदार तळे, काळाराम मंदिर, येवल्याची घोषणा हे सारे मध्ये घडावे लागले. पण पुस्तक नसते तर ती वाट कुठे वळली असती, कोण सांगणार?

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबींचे. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा तरुण. 'बालबोध' मासिकातले बुद्धावरचे लिखाण वाचले आणि त्याला तहान लागली. घर सोडले, पुणे, काशी, नेपाळ, गया करीत १९०२ साली सिंहलद्वीपात पोहोचले, तिथे पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात गेले. कलकत्ता विद्यापीठातली चांगली नोकरी सोडून ते महाराष्ट्रात परतले, कारण सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले होते आणि अट एवढीच होती की महाराष्ट्रात राहावे व ग्रंथ लिहावेत. पगार कमी करून घेणारा माणूस आम्हां नोकरदारांना समजायला जरा अवघडच जातो! त्यांनी अमेरिकेत हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्ग या अवघड ग्रंथाचे संपादन केले आणि इकडे साध्या मराठीत बुद्ध लिहिला. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत 'बहुजनविहार' उभारला. सिद्धार्थाने घर सोडले ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, शाक्य व कोलिय यांच्या भांडणाला कंटाळून, हा विचार त्यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात सुत्तनिपाताच्या आधारे मांडला. बाबासाहेबांच्या ग्रंथातही रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटाच आहे. त्यांचे चिरंजीव दा. ध. कोसंबी गणिताचे प्राध्यापक, पण ते याच डोंगरांतून पायी हिंडले आणि धेनुकाकट कुठे असावे याचा शोध घेत राहिले.

आणि ही ब्राह्मी अक्षरे तरी कुणी वाचली? १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने. तो कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरीला होता. त्याआधी कित्येक शतके ही अक्षरे डोळ्यांसमोर होती आणि कुणालाही वाचता येत नव्हती. सम्राट अशोकाचे लेख मुके होते. आज आपण अशोकचक्र अभिमानाने मिरवतो, त्यामागे कुणीतरी रात्री जागवून केलेले वाचन आहे.

गिरणीवाले काका शांतपणे म्हणाले, "पटले. पण मग एक सांगा, आजीला सत्तर वर्षे पांडव का सांगितले गेले?"

येथे आम्ही हरलो. कारण प्रिन्सेपचे वाचन इंग्रजी नियतकालिकांत गेले, शिलालेखांचे जाड खंड इंग्रजीत निघाले, त्यावरचे प्रबंध विद्यापीठांच्या कपाटांत बसले. अक्षरे दगडातून सुटली आणि पुठ्ठ्याच्या बांधणीत अडकली. आमच्या विहारातल्या कपाटासारखीच.

दुपारी भाज्याला गेलो. मळवली स्टेशनच्या अलीकडे कार्ले, पलीकडे भाजे; मध्ये रेल्वे आणि द्रुतगती मार्ग. भाज्याचे चैत्यगृह कार्ल्याहूनही जुने, इसवी सनापूर्वीचे. त्याचे सत्तावीस खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत, लाकडी घर बांधण्याची रीत दगडात जशीच्या तशी उतरवलेली. जरा पुढे लहानमोठ्या चौदा स्तूपांचा समूह आहे. त्यांतल्या काहींवर थेरांची नावे कोरली आहेत. आपल्या आचार्यांच्या अस्थी शिष्यांनी अशा जपल्या. पोरांना मात्र सर्वांत आवडले ते पाण्याचे टाके. एका टाक्यावर दान देणाऱ्या महारठी विण्हुदताचे नाव आहे आणि टाक्याला शब्द आहे 'पोढि'. ताईने सांगितले की कान्हेरीच्या लेखांतही हा शब्द पुष्कळदा येतो आणि तिथल्या दानकर्त्यांत आपल्या कल्याणचे लोक बरेच आहेत. "आपल्या कल्याणचे?" म्हणून पोरे नाचू लागली. पुढची सहल कान्हेरीला, हे तिथेच ठरले.

पायऱ्यांवर दम खात बसलो असताना ताईने एक गोष्ट सांगितली ती आम्हांला फार महत्त्वाची वाटते. कार्ल्याचे जुने नाव वलूरक. तिथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी नहपान राजाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव दान दिले. गावाचे उत्पन्न संघाला. पुढे सातवाहनांनीही दाने चालू ठेवली. दान चांगलेच. पण पाहा, ज्याला रोज भिक्षापात्र घेऊन दारोदार जावे लागते त्याला लोकांचे सुखदुःख रोज कळते. आज कुणाच्या घरी मूल आजारी आहे, कुणाची चूल पेटली नाही, हे त्याला ठाऊक असते. ज्याचे धान्य गावाहून गाडीने येते त्याला उंबरठ्यावर जावे लागत नाही. विद्या वाढते, विहार मोठे होतात, आणि भिक्षापात्राबरोबर चालत येणारा संवाद मात्र आटत जातो. धम्म या भूमीतून मावळला त्याला कारणे अनेक आहेत, आक्रमणे आहेत, ब्राह्मणी विरोध आहे. परंतु विद्वान आणि वस्ती यांच्यात पडलेले अंतर हेही एक कारण असावे, असे आमचे मत झाले आहे.

भगवंतांना हा धोका माहीत होता. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षूंनी विनंती केली की भगवंतांची वचने छंदात, वैदिकांच्या थाटाच्या भाषेत घालावीत. भगवंतांनी त्यांना फटकारले. ज्याने त्याने आपापल्या बोलीत धम्म शिकावा, असा नियम घालून दिला. विनयपिटकात ही कथा आहे. आमच्या ताईने सकाळी विभक्तिप्रत्यय सोडून आजींचा हात धरला तेव्हा तिने तोच नियम पाळला.

मळवलीहून लोकलने देहूरोडला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. २५ डिसेंबरला इथे जत्राच असते. निळे झेंडे, पांढरी वस्त्रे, पुस्तकांची दुकाने, भीमगीते, गर्दीतून वाट काढणारी कुटुंबे. देहूरोड म्हणजे लष्करी छावणीचा भाग, कष्टकऱ्यांची वस्ती. १९५४च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तिथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी येथे बसवली. दीक्षेला अजून पावणेदोन वर्षे अवकाश होता. प्रकृती ढासळली होती, आणि याच काळात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहिणे चालू होते.

मूर्तीसमोर रांगेत उभे असताना दिवसभराचे कोडे आम्हांला सुटल्यासारखे वाटले. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकातल्या लेखात बाबासाहेबांनी धम्मप्रसारासाठी तीन गोष्टी मागितल्या होत्या. लोकांच्या हाती देता येईल असा एक ग्रंथ, भिक्खुसंघाच्या घडणीत बदल, आणि प्रचारासाठी जागतिक संस्था. बौद्ध वाङ्मय इतके अफाट आहे की सामान्य माणसाला त्यात शिरताच येत नाही, ही त्यांची खंत होती. म्हणून ते स्वतः बसले. ज्या माणसाने पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला (तो १९९८ साली शासनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाला), त्याच माणसाने समुद्रातून ओंजळभर पाणी काढून तहानलेल्याला दिले. शब्दकोश करणारा हात आणि मूर्ती बसवणारा हात एकच होता. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हावा की समाजसेवक, हा प्रश्नही त्यांनी त्याच ग्रंथाच्या आरंभी विचारून ठेवला आहे. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर निघाला. त्यात मूळ पाली आधार दिलेले नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना ते आधार शोधून जोडले. म्हणजे एकाने विद्या लोकांपर्यंत उतरवली, आणि दुसऱ्याने लोकांच्या ग्रंथाला विद्येचा पाया दाखवून दिला. दोघांची गरज आहे.

येथे आमच्या बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. विद्वान वस्तीत येत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण आलेल्याला आपण कसे वागवतो? एकदा पालीच्या एका प्राध्यापकांना आम्ही व्याख्यानाला बोलावले. हारतुऱ्यांना आणि पुढाऱ्यांच्या भाषणांना पावणेदोन तास गेले, प्राध्यापकांना मिळाली वीस मिनिटे, आणि तीही जेवणाचा वास सुटल्यावर. ते पुन्हा आले नाहीत. आपल्या घरात शिकलेल्या मुलीला आपण हसून खाली बसवले. २०२४च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले. त्या वर्षी आपल्यापैकी किती जणांनी पालीचे एक पान उघडले?

रात्रीच्या गाडीत सगळे पेंगत होते. ते ज्येष्ठ कार्यकर्ते उठून ताईच्या समोरच्या बाकावर जाऊन बसले. बराच वेळ खिडकीबाहेर पाहिल्यावर म्हणाले, "पोरी, तो शब्द कुठला म्हणाली होतीस? परत एकदा सांग." तिने सांगितला. त्यांनी तीनदा म्हणून पाहिला. तिसऱ्यांदा बरोबर आला. आजी झोपेतून डोळे उघडून म्हणाल्या, "आमाला बी शिकव."

त्यानंतरच्या रविवारपासून विहारात एक तास ठरला आहे. ताई एक गाथा घेते, अर्थ सांगते, मग एक गोष्ट. सगळे काही सुरळीत आहे असे नाही. कधी दहा माणसे असतात, कधी चार. परीक्षेच्या दिवसांत ताईला वेळ नसतो, तेव्हा आम्ही अडखळत वाचतो आणि पोरे आमच्या चुका काढतात. कपाटाचे कुलूप मात्र काढले आहे. किल्ली खजिनदारांनी स्वतः परत केली. देवघेवीच्या वहीत परवा आम्ही पाहिले, एका पानावर ओळीने पाच वेगवेगळी नावे होती. त्यांतले एक अंगठ्याचे होते. आजींना वाचता येत नाही. त्यांनी पुस्तक नातवाकडून वाचून घेण्यासाठी नेले होते. पुस्तकाचे नाव 'भगवान बुद्ध'.

धम्मबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या वस्तीतही अशी एखादी शिकलेली मुलगी किंवा मुलगा असेल. तो अवघड बोलत असेल, ती आपल्या चुका दाखवत असेल. त्यांना खाली बसवू नका. आणि शिकलेल्यांनो, तुमच्या प्रबंधाची एक घडी करून खिशात ठेवा आणि एखाद्या आजीचा हात धरा. सातिमिताच्या नावापुढे त्याच्या पदव्या लिहिलेल्या नाहीत. तो लोकांसमोर म्हणत असे, एवढेच लिहिले आहे, आणि दोन हजार वर्षे ते पुरले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!